छोट्या ट्रॅक्टरला बंद केबिन: फवारणीसाठी घरच्या घरी करावी का, आणि कशी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. सगळी वाय पद्धतीवर (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल), दोन ओळींत ९ फूट अंतर. ट्रॅक्टर २४ एचपीचा, मागे ओढायचा ६०० लिटरचा ब्लोअर (पंख्याच्या वाऱ्याने औषध उडवणारं फवारणी यंत्र). ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस रेंगाळला की डावणीच्या (पानांवरच्या बुरशी रोगाच्या) धास्तीने दिवसाआड, कधी रोज फवारणी चालते, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. ओळीच्या शेवटी वळताना वारा उलटा असला की सगळा फवारा पुढे येतो आणि चालवणाऱ्याच्या अंगावर बसतो. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) दिवशी आमच्या ड्रायव्हरच्या भुवयांवर निळसर थर असतो. मास्क देतो, गॉगल देतो. पण गॉगलवर थेंब बसले की पुढचं दिसत नाही म्हणून तो काढतो, आणि मास्क घामाने भिजला की तोही हनुवटीखाली जातो.

मोठ्या ट्रॅक्टरला कंपनीची एसी केबिन येते, पण तो ट्रॅक्टर आमच्या ओळीत शिरत नाही. म्हणून गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून केबिन करून घ्यायचा विचार आहे. मनात आहे ते असं: २५ बाय २५ चा स्क्वेअर पाइप, समोर काच, बाजूला आणि मागे पॉलिकार्बोनेट, वर पत्रा. कुणी केली आहे का? वजन कितीपर्यंत जातं? दुपारच्या उन्हात आत बसवतं का? आणि मुळात करावी का, की हे पैसे चांगल्या मास्कवर घालावेत?

रानपाखरू

वाचतोय. आमच्या दिंडोरीकडेही हाच प्रश्न आहे. फोटो असतील तर टाका रे कुणीतरी.

पाना_बारा

दादा, वजनाचा हिशेब सोपा आहे. २५ बाय २५, १६ गेजचा पाइप मीटरला सव्वा किलोच्या आत बसतो. छोट्या ट्रॅक्टरच्या केबिनला २०-२२ मीटर पाइप लागतो, म्हणजे २५-२६ किलो. काच जड पडते: ५ मिलीमीटरची काच चौरस मीटरला साडेबारा किलो. ४ मिलीमीटरचं पॉलिकार्बोनेट तेवढ्याच जागेला पाच किलोच्या आत. म्हणून काच फक्त समोर, बाकी पॉलिकार्बोनेट हा तुमचा बेत बरोबर आहे. छत, बिजागऱ्या, रबरं धरून ७०-८० किलोत काम होतं. सगळीकडे काच लावलीत तर शंभरी गाठाल, आणि ते वजन डोक्याच्या उंचीवर असेल. बांधावरून चढताना ट्रॅक्टर कलतो तेव्हा ते जाणवतं.

समोर काचच हवी, कारण वायपर फक्त काचेवर चालतो. पॉलिकार्बोनेटवर वायपर फिरवला की आठवड्यात चरे पडतात. काच टफन (तापवून कडक) केलेली घ्या, आणि भोकं, कोपरे सगळं टफन करायच्या आधी मारून घ्या. टफन झाल्यावर त्या काचेला ड्रिल लावलं तर ती तुमच्या हातातच दाणेदार होऊन खाली पडते.

केबिन मडगार्डवर उभी करू नका. छोट्या ट्रॅक्टरचं मडगार्ड म्हणजे नुसता पत्रा, हंगामभर हादरे खाल्ले की बोल्टाच्या भोकापासून फाटत जातं. मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगवरचे बोल्ट आणि पुढे फूटरेस्टचे ब्रॅकेट, असे चार टेकू घ्या. प्रत्येक टेकूखाली जाड रबर बुश, इंजिन माउंटिंगचं चालतं. नुसतं लोखंडावर लोखंड कसलंत तर आत ढोल वाजतो.

मंडपवाला

आम्ही तासगावकडचे. आमच्याकडं अजून निम्म्या बागा मंडपावर (डोक्यावर आडव्या तारांचं छत) आहेत. मंडपाखाली माणूस वाकून चालतो, तिथं केबिन कुठली घालताय राव! वायवाल्यांचीच ही चैन.

पाना_बारा

@मंडपवाला, मंडपाखाली नाहीच जमायची, खरं आहे. पण वायमध्येही चौकोनी खोकं चालत नाही बरं का. वायचे हात वर जाताना ओळीच्या मध्याकडे झुकतात. केबिनही वर निमुळती हवी, खांद्यापासून आत कललेली. कोपरे गोल, आरसे घडीचे, बिजागऱ्या आतून. नाहीतर जानेवारीत माल लटकलेला असतो तेव्हा प्रत्येक ओळीत घड खरचटतील. पाइप कापायच्या आधी ऐन पालवीत सुतळी आणि टेप घेऊन स्वतःच्या बागेत माप घ्या.

डिझेल_आणि_धूर

केबिन झाली की ड्रायव्हर उतरायलाच तयार होणार नाही, जेवणाचा डबा आत मागवेल 😀

काळी_माती

डब्यावरून बोललात ते बरं केलंत, कारण फवारणी केलेल्या हातमोज्यांनी, त्याच सीटवर बसून डबा खाणं ही रोजची गोष्ट आहे.

मी यवतमाळचा. २०१७ चा पावसाळा आमच्या जिल्ह्यातलं कुणी विसरलं नाही. कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली, माणूस आत शिरून फवारत होता, तोंड-डोळे-कपडे सगळं भिजत होतं. आमच्या जिल्ह्यात २० च्या वर माणसं गेली, कित्येक शे माणसं दवाखान्यात होती. त्यातले बरेचसे मजूर होते, शेताचे मालक नव्हते. गोदाकाठभाऊ, तुमचा ट्रॅक्टर आहे, बाग आहे, हिशेब वेगळा आहे. पण तुम्ही ड्रायव्हरच्या भुवयांकडे बघून प्रश्न विचारला, हे मला फार मोलाचं वाटलं. करा. नक्की करा.

ऱ्हाइनकाठ

मी मूळचा सांगलीचा, जर्मनीत शेती यंत्रांच्या क्षेत्रात काम करतो. काळी_माती यांच्या भावनेशी पूर्ण सहमत आहे, पण 'करा' म्हणण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बंद केबिन आणि सुरक्षित केबिन यात फरक आहे.

युरोपात ईएन १५६९५ नावाचं मानक आहे. त्यात केबिनचे चार वर्ग केलेत. पहिल्या वर्गात संरक्षणाची कसलीच हमी नाही. दुसरा धुळीपासून वाचवतो. तिसरा धूळ आणि फवाऱ्याच्या बारीक थेंबांपासून. चौथा या दोन्हींबरोबर वाफेपासूनही. तिसऱ्या-चौथ्या वर्गासाठी आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किमान २० पास्कल जास्त राहावा लागतो. म्हणजे स्वच्छ हवा पंख्याने सतत आत ढकलायची, आणि ती फटींमधून बाहेर पळत राहिली पाहिजे. फटी राहणारच, फक्त वारा आतून बाहेर हवा.

तुम्ही सांगितलेल्या केबिनमध्ये पाइप आहे, काच आहे, पत्रा आहे. हवा कुठून येणार ते नाही. क्लचच्या, ब्रेकच्या, गिअर लिव्हरच्या खाचांतून येईल. ती हवा ट्रॅक्टरखालची, म्हणजे तोच फवारा. उघड्या सीटवर निदान वारा तो पुढे उडवून नेतो. आत शिरलेला फवारा आतच राहतो, उकाड्याने माणूस मास्क काढून ठेवतो, आणि 'मी केबिनमध्ये आहे' या भरवशावर तासन्‌तास तीच हवा घेतो. गाळलेली हवा आत ढकलायची सोय होणार नसेल तर केबिन करू नका, असं माझं ठाम मत आहे.

पाना_बारा

@ऱ्हाइनकाठ, साहेब, तुमचं मानक बरोबर असेल, पण इतकं ताणू नका. आमच्याकडे माणूस आज भिजतोय. अंगावर पडणारा निम्मा फवारा काचेने अडवला तरी त्याच्या कातडीतून जाणारं औषध कमी झालंच ना? फिल्टर पुढच्या वर्षी बसवू.

ऱ्हाइनकाठ

कातडीपुरतं मान्य आहे, आणि कातडीतून औषध बरंच जातं हेही खरं. पण मग तिला केबिन म्हणू नका, पुढचं-मागचं पडद्यासारखं आडोशाचं काम म्हणा आणि बाजू उघड्या ठेवा, म्हणजे मास्क निघणार नाही. धोका आहे तो चारी बाजूंनी बंद करून हवेचं काम पुढच्या वर्षावर ढकलण्यात. छोट्या केबिनची आतली जागा असते दीड घनमीटरच्या आसपास. ताजी हवा नसेल तर तासाभरात माणसाच्या स्वतःच्या श्वासानेच ती जड होते. मग तो दार किलकिलं करतो, आणि फवारा तिथूनच येतो.

रानपाखरू

हे दोघांचं भांडण फार कामाचं आहे, चालू ठेवा.

बर्फातला_बाळू

जरा वेगळीकडचा अनुभव. मी कॅनडात ओंटारिओमध्ये राहतो, माझ्याकडे २३ एचपीचा कुबोटा आहे, बर्फ उडवायला. इथे छोट्या ट्रॅक्टरला घरी केबिन करणं हा हिवाळ्याआधीचा गावोगावचा उद्योग आहे. कुणी प्लायवूडची करतात, कुणी लोखंडी पाइपची, कुणी नुसती पारदर्शक पीव्हीसीची घडीची. आमची अडचण तुमच्या उलट, आत ऊब हवी. त्यासाठी इंजिनच्या गरम पाण्याची नळी आत आणून छोटा हीटर बसवतात.

तुमच्या उपयोगाच्या दोन गोष्टी. पहिली, सायलेन्सर. छोट्या ट्रॅक्टरवर तो बॉनेटपाशी, म्हणजे समोरच्या काचेच्या अगदी जवळ. केबिन नीट बंद नसेल तर धूर आत खेचला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागतं आणि झोप येते. मी आत बॅटरीवरचा सीओ अलार्म लावला आहे. नळी उंच करा, तोंड केबिनपासून दूर वळवा.

दुसरी, रोल बार. तुमच्या ट्रॅक्टरला कारखान्यातून रोल बार आला असेल तर त्याला वेल्डिंग करू नका, भोक पाडू नका. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवायचं त्याचं एकच काम असतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद तिथेच जाते. केबिन त्याला यू-क्लॅम्पने धरा. आणि २५ च्या पाइपची केबिन उलटताना तुम्हाला वाचवेल असं कुणी समजू नये, ती फक्त आडोसा आहे.

शिलाई_आणि_शेती

घडीच्या पीव्हीसीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझे यजमान रिक्षाचे हूड आणि पडदे शिवतात, मी मशीनवर असते. गेल्या हंगामात चांदवडच्या एका बागाईतदारांनी छोट्या ट्रॅक्टरला पडद्याची केबिन करून घेतली. वर पाइपचा सांगाडा, त्यावर जाड रेक्झिन, बाजूला पारदर्शक पीव्हीसी आणि मोठी चेन (झिप). वजन नाही, खडखडाट नाही, दुपारी बाजू गुंडाळून वर बांधता येतात. दारासाठी ओळीत जागा लागत नाही, हा मोठा फायदा. पत्र्याचं दार ओळीत उघडताच येत नाही, वेलीला अडतं.

तोटाही सांगते. उन्हाने दोन हंगामांत पीव्हीसी पिवळं पडतं, आणि शिवणीच्या टाक्यांतून पाणी पाझरतं. आम्ही आतून पट्टी चिकटवतो. चेनला ओलं औषध लागलं की ती घट्ट होते, म्हणून धातूची नको, प्लास्टिकची जाड दातांची घ्या.

पाना_बारा

ताई, ही चांगली तोड आहे. पुढे-मागे कडक, बाजूला पडदा, असंही जमेल.

पॉलिकार्बोनेट लावणाऱ्यांसाठी: भोक बोल्टापेक्षा मोठं पाडा आणि रबरी वॉशर घाला. ते उन्हाने पसरतं, मीटरभर शीट ३० अंशांच्या फरकात २ मिलीमीटर वाढते. घट्ट आवळलंत तर भोकापासून तडा जातो. आणि ईसी (पाण्यात टाकलं की दुधाळ होणाऱ्या तेलकट) औषधांतल्या सॉल्व्हंटने ते दुधाळ होतं. फवारणी संपल्या संपल्या साध्या पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने घासू नका. मागची शीट सगळ्यात आधी जाते, ती चार बोल्टांत सुटेल अशी बसवा.

ऑफिसातला_शेतकरी

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. केबिन कायमची वेल्ड केली आणि रस्त्यावर अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवू शकते.

डिझेल_आणि_धूर

आमच्याकडे ट्रॅक्टरवर पाच फुटी स्पीकर लावून वरात निघते, तिथे केबिनला कोण विचारतंय.

ऑफिसातला_शेतकरी

कोण विचारत नाही ते खरं, पण विचारण्याची वेळ अपघातानंतरच येते. म्हणून नटबोल्टाची, सुटी होणारी करा. फवारणीच्या हंगामात बागेत चढवा, ऊस किंवा माल वाहायला रस्त्यावर निघताना उतरवून ठेवा.

डोंगरउतार

इतका खटाटोप करण्यापेक्षा ड्रोन घ्या ना. माणूस शेताबाहेर, प्रश्न मिटला.

मंडपवाला

ड्रोन सोयाबीनला, उसाला ठीक. द्राक्षात डावणी पानाच्या खालच्या बाजूला बसते. वरून कितीही टाका, वाय असो की मंडप, पानं खालून भिजली पाहिजेत. त्यासाठी ब्लोअरचा वाराच लागतो.

कृषिकन्या_९१

मंडपवाला यांच्याशी सहमत. आता एक मुद्दा, जो अजून कुणी काढला नाही. सगळ्यात जास्त औषध अंगावर येतं ते टाकी भरताना. बाटलीत ते पातळ केलेलं नसतं. लाल त्रिकोणाची (सगळ्यात जहाल विषाची) बाटली हातमोजे न घालता उघडली तर नंतर कितीही भारी केबिनमध्ये बसा. छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करणाऱ्या (कोंब फुटावेत म्हणून ते काड्यांना हाताने लावणाऱ्या) बायांना तर केबिनचा काही उपयोग नाही, त्यांच्या हातात मोजे आणि अंगात लांब बाह्या हव्यात. (त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू अजिबात नको, सायनामाइड अंगात गेलेलं असताना दारूने माणूस लाल होतो, छाती धडधडते, दवाखान्यात न्यावं लागतं. पेस्टिंगच्या टोळीला हे मुकादमाने आधी सांगायला हवं.)

केबिनबाबत: नोझल चोंदलं की ड्रायव्हर खाली उतरतो, हाताने साफ करतो आणि त्याच मोज्यांनी स्टिअरिंग धरतो. असं केल्याने केबिन आतून औषधाने माखते, आणि बंद जागेत ते रोज अंगाला लागतं. मोजे, अॅप्रन ठेवायला डबा बाहेर हवा, मडगार्डवर. हात धुवायला छोटी पाण्याची टाकी आणि नळ बाहेर. मोजे बाहेर काढायचे, हात धुवायचे, मग आत शिरायचं.

निळ्या_बाह्या

पहिल्यांदाच लिहितोय इथे, इतके दिवस फक्त वाचत होतो.

माझे वडील पिंपळगावच्या भागात फवारणीचा ट्रॅक्टर चालवायचे. स्वतःची जमीन नाही, हंगामात चार-पाच बागाईतदारांकडे. संध्याकाळी घरी आले की आई त्यांना अंगणातच थांबवायची. कपडे वेगळ्या बादलीत, ती बादली मोरीत यायची नाही. मोरचुदाने शर्टाच्या बाह्या इतक्या निळ्या झाल्या होत्या की मूळचा रंग कुठला ते आम्हाला माहीत नव्हतं. मालक सगळे चांगले होते, पैसे वेळेवर द्यायचे, दिवाळीला कपडे द्यायचे. पण सीटवर बसलेल्या माणसाला आडोसा हवा, हे त्या काळात कुणाच्या मनात आलं नाही.

वडील आता घरी असतात. हा धागा मी त्यांना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं तसंच लिहितो: "केबिन करणार असतील तर ब्लोअरचा कॉक हाताशी पाहिजे. दर वळणाला तो बंद-चालू करायचा असतो. त्यासाठी मागची खिडकी उघडायला लागली तर केबिन कशाला केली?"

ऱ्हाइनकाठ

@निळ्या_बाह्या, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. या धाग्यावरचा सगळ्यात नेमका मुद्दा त्यांनी काढला. औषधाची नळी केबिनच्या आत येता कामा नये. दाबाखालची नळी आत फुटली तर तोंडावरच येईल. त्यामुळे कॉक आणि प्रेशर गेज बाहेर, ब्लोअरवरच. आत फक्त स्विच. १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह डाव्या-उजव्या बाजूला एकेक लावला की बटणावर दोन्ही बाजू वेगळ्या बंद होतात. तो परवडत नसेल तर क्लच केबलसारखी केबल टाकून कॉक ओढता येतो. गेज मोठ्या तबकडीचं घ्या, मागच्या शीटमधून वाचता यावं असं.

गोदाकाठ

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण वाचून विचार करत होतो. निळ्या_बाह्या, तुमची पोस्ट आमच्या घरी सगळ्यांनी वाचली. आमच्या ड्रायव्हरलाही विचारलं. तो म्हणाला, "काच स्वच्छ राहिली आणि वारा आला तर बसेन, नाहीतर मी दार उघडं ठेवणार." म्हणजे ऱ्हाइनकाठ म्हणतात तेच.

तर हवेचं काम आधी, असं ठरवलं आहे. आता नेमकं सांगा, पंखा कुठला, फिल्टर कुठला, हवा कुठून घ्यायची? आणि २० पास्कल आहेत की नाहीत हे गावात कसं मोजायचं?

ऱ्हाइनकाठ

हवा छतावरून, पुढच्या बाजूने घ्या, सायलेन्सरच्या विरुद्ध कोपऱ्यातून. मागून घेतलीत तर ब्लोअरचा फवारा थेट फिल्टरवर. तीन थर लागतात. बाहेर धुऊन घेता येणारी जाळी, पानं आणि मोठे थेंब अडवायला. मग बारीक थेंबांसाठी दाट कागदी फिल्टर. शेवटी वाफेसाठी अॅक्टिव्हेटेड कार्बन. गाडीच्या एसीत येतो तो काळा केबिन फिल्टर या कामाचा नाही, त्यातला कार्बनचा थर धूर आणि वासापुरता असतो. कार्बन संपला की दिसत नाही, आत औषधाचा वास आला की समजायचं. हंगाम नसेल तेव्हा तो काढून हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर शेडमधल्या शेडमध्येच संपतो. आणि मी अजूनही हेच म्हणेन: घरी केलेल्या केबिनला कुणी वर्गाचं प्रमाणपत्र देत नाही, त्यामुळे लाल-पिवळ्या त्रिकोणाच्या औषधाला आतही मास्क राहू दे.

पाना_बारा

पंखा: जुन्या मोटारीच्या हीटरचा गोल ब्लोअर भंगारात मिळतो, १२ व्होल्टचा. तो हवा ढकलतो. साधा पात्यांचा पंखा फिल्टरपुढे दम टाकतो. वायर जाड, फ्यूज आणि रिले लावून. एसीचा मोह २४ एचपीला करू नका. कॉम्प्रेसर दोन-तीन एचपी खाणार, आणि पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) ब्लोअर असताना तेवढी ताकद उरत नाही.

उकाड्यासाठी छत पांढरं, खाली इंचभर फोम, आणि छत चारी बाजूंनी वीतभर बाहेर. छोट्या ट्रॅक्टरवर गिअरबॉक्स दोन पायांच्या मध्ये असतो, खरी धग तिथून येते. त्यावर नायट्रिल इन्सुलेशनची शीट आणि वर रबरी मॅट. पॅडलच्या खाचांना जुन्या ट्यूबचे तुकडे दोन थरांत, मध्ये चीर देऊन. लिव्हरला रबरी बूट.

लेव्हलपाइप

मोजायचं मी सांगतो, गवंडीकाम करतो. २० पास्कल म्हणजे २ मिलीमीटर पाण्याचा फरक. आमच्या लेव्हलच्या पारदर्शक नळीचं एक टोक केबिनमध्ये, एक बाहेर, मध्ये रंगीत पाणी. दार लावून पंखा सुरू केला की बाहेरच्या बाजूचं पाणी चढतं. २ मिलीमीटर डोळ्याला दिसत नाही म्हणून नळी उभी धरू नका, फळीवर दहाला एक असा उतार देऊन आडवी ठेवा. मग दोन्ही बाजूंच्या पाण्यातला तोच फरक २० मिलीमीटर दिसतो, पट्टीवर आरामात वाचता येतो. फटी शोधायला उदबत्ती. आतून प्रत्येक सांध्याजवळ धरा, धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. आत वळला तर वारा उलटा आहे, पंखा कमी पडतोय.

काळी_माती

वा लेव्हलपाइपभाऊ! इतकं साधं कुणी सांगितलं नव्हतं.

गोदाकाठ

तर बेत असा. सांगाडा सुटा, नटबोल्टाचा. समोर टफन काच आणि वायपर, मागे पॉलिकार्बोनेट. बाजूला ताईंनी सांगितलेला पडदा, पण खालून पट्टीत घट्ट बसणारा, म्हणजे दाब टिकेल. पंखा आणि फिल्टर छतावर पुढे डावीकडे, आमचा सायलेन्सर उजवीकडे आहे. बाजूचे दोन इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह, डबा आणि नळ मडगार्डवर. ड्रायव्हरला फॅब्रिकेशनवाल्याकडे बरोबर नेणार, सीटवर बसवून माप घेणार, कारण हात-पाय त्याचेच पोहोचायला हवेत. पडद्यातून दाब टिकतो की नाही ते नळी लावून बघेन आणि आकडा इथे टाकेन. नाही टिकला तर बाजूलाही कडक शीट आणि सरकतं दार.

शिलाई_आणि_शेती

पडद्याच्या खालच्या कडेला सायकलची चेन शिवून घाला, वजनाने पट्टीत नीट बसतो. माप पाठवा, शिवून देऊ.

पाना_बारा

एक राहिलं. ट्रॅक्टरवर ब्रॅकेटचं काही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचं कनेक्शन सोडा, आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर वेल्डच्या अगदी जवळ लावा. नाहीतर अल्टरनेटर जातो, आणि मग पंख्याला करंट कुठून देणार?

निळ्या_बाह्या

वडील विचारतायत, केबिन झाली की बघायला आलो तर चालेल का?

गोदाकाठ

चालेल काय, त्यांनीच पहिली ओळ चालवून सांगायची, कॉक हाताशी आहे का नाही ते. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.